शेतीचे पाणी शहराला देताना: कोकणातील पाणीवापर संस्था आणि नगरपंचायतींसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

गाव वाढते, त्याची नगरपंचायत होते, किनाऱ्यालगत हॉटेले आणि इमारती उभ्या राहतात, आणि जुन्या विहिरी फेब्रुवारीतच तळ गाठू लागतात. मग आठ-दहा किलोमीटरवरच्या लघु पाटबंधारे धरणाकडे सर्वांचे लक्ष जाते. नगरसेवक आणि पाणीवापर संस्थेचे (धरणाचे पाणी मिळून वापरणाऱ्या शेतकऱ्यांच्या संस्थेचे) पदाधिकारी एकत्र बसतात, काही रक्कम ठरते, ‘आमच्या वाट्याचे पाणी शहरास देत आहोत’ असा ठराव होतो आणि लगेच जलवाहिनीची निविदा निघते. दोन वर्षांनी एप्रिलमध्ये धरणाचा तळ दिसू लागतो, वायंगण, म्हणजे उन्हाळी भात, पोटरीत असते, जॅकवेलचे (धरणावरील उपसा विहिरीचे) पंप मात्र चालूच असतात, आणि कोणी थांबायचे हे कोणालाच सांगता येत नाही.

अशा प्रकरणांत बहुतेक वेळा कोणाची नियत वाईट नसते. कामाचा क्रम उलटा झालेला असतो: नळ आधी, हिशेब नंतर. पुढे दिलेला क्रम पाळला, तर निम्मे तंटे टळतात. हे मार्गदर्शन सिंचनासाठी बांधलेल्या शासकीय धरणातील पाणी नागरी पिण्याच्या पाण्याकडे वळवण्यापुरते आहे. औद्योगिक मागणीचे दर आणि प्राधान्यक्रम वेगळे असतात, त्यामुळे ती येथे धरलेली नाही.

पहिला टप्पा: नेमके कोणते पाणी, ते आधी ठरवावे

‘आमचे पाणी’ या एका शब्दप्रयोगात तीन वेगळ्या गोष्टी मिसळतात. पहिले पाणी धरणातले किंवा कालव्यातले, ज्यावर शासनाचे नियंत्रण असते आणि शेतकऱ्याला वापराचा हक्क असतो. दुसरे नदीतले किंवा बंधाऱ्यामागचे, जे उपसण्यासाठी परवानगी लागते. तिसरे खाजगी विहिरीचे. टंचाईच्या काळात प्रशासन खाजगी विहीर किंवा विंधण विहीर ठरावीक मुदतीसाठी अधिग्रहित करते आणि मालकाला मोबदला देते. ही तात्पुरती व्यवस्था आहे. तिच्यातून नगरपंचायतीला कोणताही कायम हक्क मिळत नाही, आणि धरणाच्या पाण्याच्या अर्जात तिचा आधार घेणे निरर्थक आहे.

धरणाच्या पाण्याबाबत दोन कायदे नीट समजून घ्यावे लागतात आणि दोन्ही २००५ चे आहेत. सिंचन पद्धतींचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याच्या कायद्यामुळे पाणीवापर संस्थेला घनमापनाने, म्हणजे घनमीटरात मोजून, पाणी मिळते. जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्याने या वापराला ‘हक्कदारी’ असे स्वरूप दिले. ही हक्कदारी मालकी नव्हे, ती केवळ उपभोगाची आहे, आणि तिचे हस्तांतर वार्षिक किंवा हंगामी तत्त्वावर, प्राधिकरणाच्या नियंत्रणाखालीच होऊ शकते. धरणातील पाण्याची सिंचन, घरगुती वापर आणि उद्योग यांच्यातील मूळ वाटणी बदलायची असेल, तर तो अधिकार संस्थेचा नाही आणि स्थानिक अभियंत्याचाही नाही. २०११ च्या सुधारणेनंतर क्षेत्रीय वाटपाचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाच्या पातळीवरचा विषय झालेला आहे.

म्हणून आपले काम दोनपैकी कोणत्या प्रकारचे आहे, हे पहिल्याच बैठकीत लिहून ठेवावे. एखाद्या हंगामापुरते वाचलेले पाणी देणे ही एक गोष्ट झाली, आणि वर्षानुवर्षांसाठी बिगर सिंचन आरक्षण देणे ही सर्वस्वी दुसरी. पहिल्यासाठी घेतलेला ठराव दुसऱ्यासाठी वापरला जातो, आणि तेथूनच अविश्वास सुरू होतो.

*सावधान:* ठरावात ‘विक्री’ आणि ‘कायमस्वरूपी’ हे शब्द लिहू नयेत. जे आपल्या मालकीचे नाही ते विकल्याचा ठराव कायद्यापुढे टिकत नाही, आणि पुढे संस्थेला तो अडचणीचा ठरतो.

*तपासणी:* पुढे जाण्यापूर्वी चार कागद हाती असावेत. संस्थेचा नोंदणी दाखला, पाटबंधारे विभागाशी झालेला पाणीपुरवठा करारनामा, लाभक्षेत्राचा (धरणाच्या पाण्याने भिजणाऱ्या जमिनीचा) गटवार नकाशा आणि धरणाच्या मूळ प्रकल्प अहवालातील पाणी वाटपाचे पान. कोकणात अनेक लघु प्रकल्पांवर संस्था स्थापनच झालेली नाही, किंवा कागदावर आहे पण व्यवस्थापन तिच्याकडे सोपवलेले नाही. अशा ठिकाणी वाटाघाट करण्याचा अधिकार कोणाही चार-पाच शेतकऱ्यांना नाही. तेथे आधी संस्था उभी करावी. ती होईपर्यंत शेतकऱ्यांचे म्हणणे कालवा सल्लागार समितीपुढे लेखी मांडावे.

दुसरा टप्पा: पाण्याचा महिनावार ताळेबंद

सगळ्यात जास्त वेळ या टप्प्याला द्यावा. हा नीट झाला तर पुढचे बरेचसे आपोआप सुटते, आणि हा चुकला तर पुढचा प्रत्येक कागद चुकीचा ठरतो.

कोकणात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, त्यामुळे वार्षिक आकड्यात पाणी नेहमीच भरपूर दिसते. पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो, नद्या आखूड आणि उताराच्या आहेत, आणि जांभ्याच्या जमिनीत मुरलेले पाणी फार काळ टिकत नाही. म्हणून येथे पाण्याची किंमत महिन्यावर ठरते. ऑगस्टमध्ये सांडव्यावरून वाहणारे पाणी शहराला दिले तर कोणाचेच काही जात नाही. एप्रिलमधले दिले, तर ते कोणाच्या तरी कुणग्यातून (भातखाचरातून) काढूनच द्यावे लागते. केवळ वार्षिक दशलक्ष घनमीटरात लिहिलेला हस्तांतराचा करार कोकणात अपुरा आहे, असे माझे ठाम मत आहे.

ताळेबंद पुढील क्रमाने करावा.

१. साठा १५ ऑक्टोबरचा धरावा. सिंचनाचे नियोजन त्या दिवशीच्या साठ्यावर होते, आपणही तोच पाया घ्यावा. धरण भरल्याचा आकडा घेऊ नये. उपयुक्त साठाच मोजावा. मृतसाठा, म्हणजे विमोचकाच्या (पाणी सोडण्याच्या दाराच्या) खाली उरणारे पाणी, हिशेबात आणू नये. मागील किमान दहा वर्षांचे १५ ऑक्टोबरचे साठे शाखा कार्यालयातून मागून घ्यावेत आणि त्यांतील कमी पावसाची वर्षे वेगळी काढावीत. सिंचन प्रकल्पांचे नियोजन ७५ टक्के विश्वासार्हतेवर, म्हणजे चारपैकी तीन वर्षे मिळू शकेल इतक्या पाण्यावर होते. शहराला मात्र दरवर्षी पाणी लागते. हा फरक ताळेबंदातच दिसला पाहिजे, कारण चौथ्या वर्षाचा सगळा भार नाहीतर शेतीवर येतो.

२. त्यातून बाष्पीभवन, गाळाने व्यापलेली जागा आणि भिंतीतून किंवा विमोचकातून होणारी गळती वजा करावी. जुन्या धरणाची क्षमता कागदावर आहे तेवढी उरलेली नसते. गाळाचे सर्वेक्षण झालेले नसेल, तर ते शहराच्या खर्चाने करून घेण्याची मागणी येथेच नोंदवावी.

३. सध्याचा शेतीचा वापर हंगामवार लिहावा. रब्बी १५ ऑक्टोबर ते फेब्रुवारीअखेर, उन्हाळी १ मार्च ते ३० जून. नमुना ७ च्या पाणी अर्जांवरून निघणारे क्षेत्र आणि प्रत्यक्ष भिजलेले क्षेत्र यांत कोकणात मोठी तफावत असते, कारण पाटाला लागून असलेले वायंगण, कुळीथ-पावट्याचे तुकडे, भाजीचे मळे आणि माड-पोफळीच्या बागा पुष्कळदा अर्जाविनाच भिजत आलेल्या असतात. शिवारफेरी करून गटवार यादी करावी. अर्ज नसलेला वापर हिशेबात दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते ‘शिल्लक’ धरले जाते.

४. पाझराचा वेगळा रकाना करावा. हा रकाना मी पाहिलेल्या बहुतेक प्रस्तावांत नव्हता. कच्च्या पाटातून झिरपणाऱ्या पाण्यावर खालच्या वाडीच्या विहिरी टिकतात, ओहोळ वाहता राहतो, आणि खाडीच्या तोंडाशी गोड पाण्याचा थोडा तरी दाब राहतो. पाटाऐवजी जलवाहिनीतून पाणी गेले की हा पाझर थांबतो. अभियंता ज्याला ‘वाचलेले पाणी’ म्हणतो, ते अनेकदा खालच्या वाडीच्या विहिरीतले पाणी असते. मार्च ते मे या काळात अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला खारे पाणी नदीत वर चढते. वरून येणारा प्रवाह घटला की ते आणखी आत येते आणि काठावरच्या विहिरी मचूळ होतात. म्हणून धरणाखालील प्रत्येक वाडीतल्या दोन-तीन विहिरींची पातळी आणि चव किमान एका उन्हाळ्यात, दर पंधरवड्याला, उधाणाच्या दिवशी नोंदवावी.

५. शेवटी ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून १५ जुलैपर्यंत महिनावार तक्ता करावा. हिशेब ७ जूनला संपवू नये. पाऊस लांबला, तर जूनचा दुसरा पंधरवडा सर्वांत कठीण जातो.

मोजमापाची एकके दोन्ही बाजूंनी वेगवेगळी वापरली जातात आणि त्यातून हास्यास्पद वाटतील अशा पण महागड्या चुका होतात. एक दशलक्ष घनमीटर, म्हणजे दलघमी, म्हणजे शंभर कोटी लीटर. रोज एक दशलक्ष लीटर वर्षभर घेतले तर ०.३६५ दलघमी लागते. एक टीएमसी (एक अब्ज घनफूट) म्हणजे २८.३२ दलघमी. एक क्युसेक (सेकंदाला एक घनफूट) प्रवाह दिवसभर वाहिला तर सुमारे २४.५ लाख लीटर होतात. हे चार आकडे तक्त्याच्या माथ्यावर लिहून ठेवावेत.

प्रमाणाचा अंदाज यावा म्हणून पालघर जिल्ह्यातील सूर्या प्रकल्पाचे उदाहरण पाहावे. तेथील धरणातून वसई-विरारला १८५ आणि मीरा-भाईंदरला २१८, असे मिळून रोज ४०३ दशलक्ष लीटर पाणी देणारी योजना मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने आखली. वर्षाचा हिशेब केला तर हे सुमारे १४७ दलघमी होते. ज्या प्रकल्पाकडे डहाणू, पालघर आणि विक्रमगडचे शेतकरी दुबार पिकासाठी पाहत होते, त्यातले एवढे पाणी शहराकडे वळणे तेथील आदिवासी शेतकऱ्यांनी मुकाट्याने मान्य केले नाही, आणि त्यांची हरकत समजण्यासारखी आहे.

*सावधान:* कालव्याची कामे अपुरी राहिल्याने लाभक्षेत्र भिजत नाही, आणि भिजत नाही म्हणून पाणी ‘अतिरिक्त’ ठरते, हा युक्तिवाद कोकणात वारंवार ऐकू येतो. तो आल्यास अपुऱ्या कालव्याची लांबी, त्यामुळे वंचित राहिलेले गट आणि काम पूर्ण करण्याची मुदत यांची मागणी त्याच पत्रात करावी.

तिसरा टप्पा: शहराची मागणी तपासणे

शहराची गरज खरी असते, ती नाकारण्यात अर्थ नाही. पिण्याच्या पाण्याला राज्याच्या जलनीतीत पहिले स्थान आहे आणि ते असायलाच हवे. परंतु गरज आणि मागणी यांतील फरक तपासण्याचा अधिकार देणाऱ्याला आहे.

पन्नास हजार लोकसंख्येचे एक गाव धरून चालू. नागरी योजनांत दरडोई १३५ लीटर हे प्रमाण सर्रास धरले जाते. त्याप्रमाणे रोज ६७.५ लाख लीटर लागतील. वितरणात १५ टक्के गळती गृहीत धरली, तर उद्भवाशी (पाणी जेथून घेतले जाते तेथे) सुमारे ८० लाख लीटर उचलावे लागतील, म्हणजे रोज ८ दशलक्ष लीटर. १ मार्च ते १५ जुलै या १३७ दिवसांसाठी हे १.०९६ दलघमी होते. आता हेच पाणी शेतात मोजावे. उन्हाळी भाताला १.२ मीटर खोलीचे पाणी लागते आणि पाटातून निम्मे वाटेत जाते असे धरले, तर एका हेक्टरला धरणातून २४,००० घनमीटर सोडावे लागते. म्हणजे त्या शहराच्या साडेचार महिन्यांच्या पाण्यात सुमारे ४५ हेक्टर वायंगण उभे राहते. दोन्ही आकडे शेजारी-शेजारी ठेवले की चर्चा आवाज न चढवता होते, असा माझा अनुभव आहे.

नगरपंचायतीला तीन प्रश्न लेखी विचारावेत.

पहिला, सध्याची गळती किती आहे आणि ती कशी मोजली? मुख्य वाहिनीवर आणि जलकुंभांवर मीटर नसतील, तर उत्तर अंदाजाचे असते. गळती तीस टक्के असताना नवे पाणी मागणे म्हणजे शेतातले पाणी रस्त्याखाली ओतणे होय.

दुसरा, स्वतःचे उद्भव किती जपले? सार्वजनिक विहिरी, जुने तलाव, नदीवरचे बंधारे यांचा गाळ शेवटचा कधी काढला, आणि पावसाळ्यात हे उद्भव वापरून धरणाचे पाणी राखता येईल का?

तिसरा, सांडपाण्याचे काय? घरात गेलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते. केंद्राच्या १९९९ च्या नियमपुस्तिकेत १३५ लीटर हे प्रमाण भुयारी गटार असलेल्या गावांसाठी होते. गटार नसलेल्या गावांना ७० लीटर धरले होते. कोकणातल्या छोट्या शहरांत बहुधा भुयारी गटार नसते, तरी मागणी १३५ च्या हिशेबाने येते. मग उरलेले सांडपाणी शोषखड्ड्यांतून जांभ्यात आणि जांभ्यातून शेजारच्या विहिरीत जाते.

पर्यटनाची मागणी वेगळी मोजावी. मे महिन्यातली आणि नाताळातली गर्दी कायम लोकसंख्येत मिसळून वर्षभराचे आरक्षण मागितले जाते. हॉटेलांच्या व्यावसायिक वापराला घरगुती पाण्याचा प्राधान्यक्रम लागू करणे योग्य नाही.

*तपासणी:* मागणीचा तक्ता आणि आपला महिनावार ताळेबंद एकमेकांवर ठेवावेत. ज्या महिन्यांत तूट दिसते, तेवढ्याच महिन्यांची वाटाघाट करायची आहे. बहुतेक ठिकाणी तो काळ मध्य मार्च ते जूनअखेर एवढाच निघतो.

चौथा टप्पा: गावातली संमती

पदाधिकाऱ्यांची सही ही संमती नव्हे. संस्थेची सर्वसाधारण सभा नियमानुसार नोटीस देऊन बोलवावी, ताळेबंद सभेच्या आधी किमान आठ दिवस फलकावर लावावा, आणि सभा पाटाच्या शेपटाकडच्या वाडीत घ्यावी. पाणी कमी झाले की आधी शेपूट कोरडे पडते. म्हणून तिथल्या लोकांचे मत पहिले ऐकावे.

जे सभासद नाहीत पण ज्यांना फटका बसेल, त्यांची वेगळी बैठक घ्यावी. पाझरावर विहीर असलेले, कुळाने किंवा खंडाने वायंगण करणारे, खाडीकाठी खारजमीन कसणारे, आणि ओहोळावर कपडे धुणाऱ्या व पाणी भरणाऱ्या बायका या कोणाचेही नाव सभासदांच्या यादीत नसते. ज्यांच्या नावावर सातबारा नाही त्यांचे नुकसान कोणत्याच भरपाईत येत नाही. ते निदान ठरावात तरी यावे.

पालघर जिल्ह्याच्या अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेचे स्थान अधिक मोठे आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने (अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींसाठीच्या केंद्रीय कायद्याने) लहान जलसाठ्यांचे नियोजन आणि व्यवस्थापन पंचायतींकडे सोपवले आहे. तेथे ग्रामसभेचा ठराव हा उपचार समजू नये, आणि एका मोठ्या गावाच्या ठरावावर सगळ्या पाड्यांची संमती गृहीत धरू नये.

एका गावात घडलेली गोष्ट सांगतो. तेथे ठराव एकमताने झाला होता, हजेरीपत्रक भरगच्च होते, आणि सर्व सह्या धरणाजवळच्या दोन वाड्यांतल्या होत्या. खालच्या वाडीला सभेची माहिती मिळाली ती जलवाहिनीचे चर खणले जाऊ लागल्यावर. ते काम पुढे अनेक महिने अडले, आणि शहराला मिळणारे पाणीही तेवढेच लांबले.

*तपासणी:* ठरावात महिना, कमाल परिमाण, मुदत आणि अटी या चारही गोष्टी असल्याशिवाय त्यावर सही करू नये.

पाचवा टप्पा: अर्ज आणि मंजुरीची वाट

अर्ज नेहमी पाणी घेणारी संस्था करते, म्हणजे नगरपंचायत किंवा नगरपरिषद. योजनेचा तांत्रिक आराखडा सहसा महाराष्ट्र जीवन प्राधिकरण करते. अर्ज संबंधित पाटबंधारे विभागाच्या कार्यकारी अभियंत्याकडे जातो, तेथे पाणी उपलब्धतेची छाननी होते, आणि पुढे अधीक्षक अभियंता व मुख्य अभियंता यांच्यामार्फत तो कोकण पाटबंधारे विकास महामंडळाकडे आणि शासनाकडे जातो. मंजुरीचे अधिकार परिमाणानुसार आणि त्या वेळच्या शासन निर्णयानुसार बदलतात. म्हणून आपल्या प्रकरणात अंतिम मंजुरी कोणाची, हे सुरुवातीलाच लेखी विचारून घ्यावे.

शेतकऱ्यांची बाजू नेमकी येथे मागे पडते, कारण प्रस्ताव वर गेल्यावर त्यात काय लिहिले आहे हे कोणी पाहत नाही. पाणीवापर संस्थेने आपला ताळेबंद, ठराव आणि विहिरींच्या नोंदी कार्यकारी अभियंत्याच्या आवक विभागात देऊन पोच घ्यावी आणि ‘प्रस्तावासोबत जोडाव्यात’ अशी स्पष्ट विनंती करावी. महिनाभराने प्रस्तावाची प्रत मागावी. ती न मिळाल्यास माहितीच्या अधिकारात अर्ज करावा.

*सावधान:* मंजुरीपूर्वी जलवाहिनीची निविदा निघाली, तर संस्थेने त्याच आठवड्यात लेखी हरकत नोंदवावी. खर्च होऊन गेल्यावर ‘आता योजना वाया घालवायची का’ हा प्रश्न सगळ्या अटींवर मात करतो.

सहावा टप्पा: करारातल्या अटी

आरक्षण मंजूर झाल्यावर पाणी घेणारी संस्था आणि पाटबंधारे विभाग यांच्यात बिगर सिंचन पाणी वापराचा करारनामा होतो. पाणीवापर संस्था यात बहुधा पक्ष नसते. म्हणून तिच्या अटी मंजुरीच्या आदेशात याव्यात, किंवा तिघांचा स्वतंत्र समजुतीचा करार व्हावा. दुसरा मार्ग अधिक खात्रीचा आहे. अटी पुढीलप्रमाणे असाव्यात, आणि त्यांतील पहिल्या दोन अटींवर अजिबात तडजोड करू नये.

महिनावार कमाल परिमाण. ‘वर्षाला अमुक दलघमी’ याच्या जोडीला मार्च, एप्रिल, मे आणि जूनचे वेगवेगळे आकडे. पावसाळ्यात आणि नोव्हेंबरपर्यंत शहराने आपले उद्भव आधी वापरावेत.

पातळीला बांधलेली कपात. धरणातील ठरावीक पातळ्या निश्चित कराव्यात आणि त्या त्या पातळीला काय होईल ते आधीच लिहावे. पहिल्या खुणेला बांधकामे, बागा आणि हॉटेले यांचा पुरवठा कमी व्हावा, दुसऱ्या खुणेला शहरात दिवसाआड पाणी आणि शेतीची एक पाळी कमी, तिसऱ्या खुणेला फक्त पिण्यापुरते. येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे समजून घ्यावी: अखेरच्या टंचाईत पिण्याचे पाणीच पुढे राहील, आणि कोणताही करार त्याच्या उलट ठरवू शकणार नाही. करार एवढेच करू शकतो की ती वेळ येण्याआधी दोघेही आपापला वापर कमी करतील, आणि ती आलीच तर उभ्या पिकाच्या नुकसानीची भरपाई कोणत्या दराने आणि किती दिवसांत मिळेल ते ठरलेले असेल.

सिंचन पुनर्स्थापनेचा खर्च. सिंचनाचे पाणी बिगर सिंचनाकडे गेल्याने जे क्षेत्र घटते, त्याच्या बदल्यात पाणी घेणाऱ्याने हा खर्च देण्याची पद्धत आहे. रक्कम भरली जाते, पण ती त्याच लाभक्षेत्रात खर्च होईल याची खात्री नसते. कामांची यादीच अटीत जोडावी: पाटाचे अस्तरीकरण कोठे करायचे आणि कोठे पाझरासाठी मुद्दाम कच्चा ठेवायचा, वितरिकांऐवजी बंद नळ्या, माड-पोफळीसाठी ठिबक, ओहोळावरील कोल्हापुरी बंधाऱ्यांच्या फळ्या व दुरुस्ती. ही कामे जलवाहिनीच्या आधी पूर्ण व्हावीत. ठिबकने जे पाणी वाचेल तेच शहराला मिळणार असेल, तर ठिबक आधी बसले पाहिजे.

खालचा प्रवाह. जानेवारी ते मे या काळात नदीत किंवा ओहोळात किमान किती पाणी सोडायचे ते आकड्यात लिहावे. दुसऱ्या टप्प्यातल्या विहिरींच्या नोंदी येथे उपयोगी पडतात. एखाद्या वाडीची विहीर मचूळ झाली, तर त्याच जलवाहिनीवरून त्या वाडीला नळजोडणी देणे शहरावर बंधनकारक असावे. भातसा धरणाचे पाणी मुंबईला जाते आणि शहापूर तालुक्यातल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, हे सर्वांना ठाऊक आहे. ते आपल्या धरणावर होऊ नये, यासाठी ही एक ओळ पुरेशी आहे.

मुदत आणि फेरविचार. मुदत स्पष्ट असावी, आणि दर तीन वर्षांनी नवा ताळेबंद करून परिमाण तपासले जावे. तोवर शहराने गळती किती कमी केली आणि प्रक्रिया केलेले सांडपाणी बागा, बांधकाम किंवा शेतीसाठी किती वापरले, हे निकष असावेत.

*सावधान:* संस्थेला मिळणारी एकरकमी रक्कम हाच कराराचा गाभा होऊ देऊ नये. रक्कम एका वर्षात सभागृहावर किंवा कमानीवर खर्च होते, पाणी मात्र दरवर्षी जाते.

सातवा टप्पा: मोजमाप आणि पहिला उन्हाळा

मीटर दोन ठिकाणी हवेत: धरणावरील उपसा विहिरीशी आणि जलशुद्धीकरण केंद्राच्या तोंडाशी. दोन्हींतील फरक म्हणजे वाटेतली गळती किंवा चोरी. मीटरची नोंद दर सोमवारी दोन्ही बाजूंच्या माणसांनी एकत्र घ्यावी, एकाच वहीत सह्या कराव्यात, आणि आकडा ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहावा. मीटर बंद पडला तर तो दुरुस्त होईपर्यंत पंपाच्या तासांवरून परिमाण धरण्याचे सूत्र आधीच ठरवावे. बंद मीटर घेणाऱ्याच्या सोयीचा असतो, म्हणून दुरुस्तीची मुदत दिवसांत लिहिलेली असावी.

पाटाचे आवर्तन (शेतीसाठी पाटात पाणी सोडण्याची पाळी) आणि शहराचा उपसा यांचे वेळापत्रक जुळवावे. आवर्तन चालू असताना पातळी झपाट्याने उतरते. त्या दिवसांत जॅकवेलच्या वरच्या झडपा उघड्या पडल्या, तर पंप बंद पडतात आणि ‘शेतकऱ्यांनी पाणी पळवले’ अशी हाकाटी होते. आवर्तनाच्या तारखा पाटकऱ्याने नगरपंचायतीच्या पाणीपुरवठा विभागाला आठ दिवस आधी कळवाव्यात, म्हणजे जलकुंभ भरून ठेवता येतात.

पहिल्या उन्हाळ्यात दर पंधरवड्याला संयुक्त पाहणी करावी. धरणाची पातळी, दोन्ही मीटर, शेपटाकडच्या शेवटच्या दाराशी पोचलेले पाणी आणि नोंदीतल्या विहिरींची पातळी व चव, एवढेच पाहायचे. पाहणी उधाणाच्या दिवशी ठेवावी, कारण खाऱ्या पाण्याची चढ त्याच दिवशी कळते. एप्रिलच्या दुसऱ्या पाहणीत तक्त्यातला साठा आणि प्रत्यक्ष साठा यांत दहा टक्क्यांहून अधिक तूट आढळली, तर पहिल्या खुणेची वाट न पाहता बैठक बोलवावी. मे महिन्यात बोलावलेल्या बैठकीत करण्यासारखे काही उरत नाही.

पाऊस स्थिरावल्यावर, जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात, दोन्ही बाजूंनी एकत्र बसून वहीतले आकडे महिनावार तक्त्याशी ताडून पाहावेत. जास्त उचललेले पाणी पुढील वर्षाच्या त्याच महिन्यातून वजा करावे, पुढच्या एखाद्या सोयीच्या महिन्यातून नव्हे. या बैठकीचे इतिवृत्त कार्यकारी अभियंत्याला पाठवून त्याची पोच संस्थेच्या दप्तरात लावावी, आणि १५ ऑक्टोबरचा नवा साठा कळताच पुढच्या वर्षाचा तक्ता त्याच वहीत सुरू करावा.